दहा खडे, वर एक

"दुखतं का?" आणि "झोप लागते का?" हे दोन प्रश्न मी जितक्या माणसांना विचारले, तितक्यांना एखाद्या वैद्यानंही विचारले नसतील. वैद्याचं एक बरं असतं. तो विचारतो आणि निदान पुडी तरी हातावर ठेवतो. मी विचारायची, उत्तर लिहून घ्यायची आणि पुढच्या माणसाकडे वळायची. माझ्याजवळ पुडी नव्हती, पीएच.डी.चा विषय होता.

संपादक म्हणाले, "मॅडम, दिवाळीचा अंक आहे, नोकरीतल्या गमतीजमती लिहा." गमती आहेत, नाही असं नाही. पण त्या आठवल्या की माझं तोंड कडू होतं. वाचकांनी लाडू हाताशी ठेवून वाचावं, एवढंच सांगते.

नांदेडच्या एका कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवत होते. माहेर उदगीरचं, वडिलांचं किराणा दुकान. आमच्या लिंगायत व्यापाऱ्यांच्या घरांत मुलगी बी.ए. झाली म्हणजे डोक्यावरून पाणी गेलं असं समजायचे. मी एम.ए. झाले, नोकरी धरली, लग्नानंतरही सोडली नाही आणि वर पीएच.डी.ला नाव घातलं. अण्णा दुकानावर येणाऱ्या गिऱ्हाइकाला साखर तोलता तोलता सांगायचे, "आमची पोरगी डॉक्टर होनार हाय. सुईवाली न्हाई, पुस्तकातली." गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि आपलं दुखणं सांगायला लागायचं.

माझा विषय होता जुनाट दुखणं आणि निद्रानाश यांचा संबंध. साध्या भाषेत सांगते. जखम भरते, ताप उतरतो, पण काही दुखणी बिऱ्हाड करून राहतात. कंबर, खांदा, गुडघा महिनोन्‌महिने ठणकत असतो. अशा माणसाला धड झोप लागत नाही, आणि झोप झाली नाही की तेच दुखणं दुसऱ्या दिवशी जास्त जाणवतं. दोघं एकमेकांना खतपाणी घालत राहतात. यात कोण कोणाला जास्त पोसतं आणि मधे कुठं हात घातला तर हे थांबेल, ते शोधायचं. शोधायला यंत्र नाही. दुखणं मोजायचं यंत्र तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. माणसाला विचारायचं आणि तो सांगेल ते खरं मानायचं, हाच आमचा धंदा.

माझे मार्गदर्शक लातूरला राहायचे. त्यांना इथं नुसतं 'सर' म्हणते. माणूस हुशार, बोलायला गोड, व्यासपीठ दिसलं की पाय आपोआप तिकडे वळायचे. त्यांना भेटायला मी नांदेडहून लातूरच्या एस.टी.नं जायची, लोहा, अहमदपूर, चाकूर करत. धूळ खाऊन पोचले की सर म्हणायचे, "या, थकलात?" आणि चहा सांगायचे. तेवढं श्रेय त्यांना देते.

लातूर तेव्हा उस्मानाबादपासून वेगळं होऊन नुकतंच जिल्हा झालं होतं. जिकडं बघावं तिकडं नव्या पाट्या. काल जिथं आडतीचं गोदाम होतं तिथं आज कुठलं तरी जिल्हा कार्यालय, दारात शिपाई, आत टेबल आणि टेबलावर अजून काहीच नाही. हॉटेलात चहा पिणारा माणूससुद्धा 'आमचा जिल्हा' म्हणताना जरा ताठ बसायचा. जिल्हा आला, पाऊस मात्र आला नाही. ओळीनं पावसाळे कोरडे गेले. विहिरींचे तळ दिसायला लागले आणि रोजगार हमीच्या कामांवर गावंच्या गावं येऊन बसली.

अशा दिवसांत मी हातात कागद घेऊन माणसांना विचारत हिंडत होते. नव्या जिल्ह्यात हातात कागद असलेलं माणूस म्हणजे सरकार. मी कितीही सांगितलं की मी कॉलेजची आहे, लोकांनी मला त्यांच्या मनात हव्या त्या कचेरीत बसवून टाकलं होतं.

उदगीरकडचे एक अप्पा होते, कापडाचे दुकानदार. कपाळभर विभूती, स्वच्छ धोतर, गुडघेदुखी. त्यांची मुलाखत मी रीतसर घेतली. पुढं लातूरच्या एका वस्तीत माझं काम चाललं होतं, तर तिथंही अप्पा ओट्यावर माझी वाट बघत बसलेले.

"अप्पा, तुमचं झालं की."

"झालं वो माय. पर तवा म्या गुडघाच सांगितलो. खांदा ऱ्हायला." मग आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, "आन् झोपेचं जरा बघा. सगळीच गेली म्हनून लिव्हा. अर्ध्या झोपेला काय देत नसतील."

मी त्यांना समजावलं की कसलीही पेन्शन नाही, कसली यादी नाही. अप्पांनी डोळा बारीक केला. "आसं आधी सगळेच सायब म्हनतेत," म्हणाले, आणि माझ्या हातात पेढा ठेवून गेले.

याच्या उलट भोकरच्या बाजारातले गाद्या भरणारे पिंजारी चाचा. आयुष्यभर कापूस पिंजून खांदा निकामी झालेला. दुखणं किती, असं विचारलं तर म्हणाले, "त्याचा हिसाब अल्ला ठेवतो, बाई. तुमी काहून तकलीफ घ्यायल्या?" झोपेचं विचारलं तर हसले. "सारी जिंदगी लोकाच्या गाद्या भरल्या. त्यांच्या झोपेची तारीफ लई ऐकली." स्वतःबद्दल अक्षर सांगितलं नाही. शेजारी त्यांचा जावई उभा होता, दुकान आपल्या नावावर व्हायची वाट बघत. ते मला फार नंतर कळलं.

हळूहळू एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, जी मी नंतर वर्षानुवर्षं वर्गात सांगितली आणि जी एकाही पाठ्यपुस्तकात नाही. उत्तर विचारणाऱ्याला दिलेलं नसतं. ते शेजारी उभ्या असलेल्याला दिलेलं असतं.

आता अहमदपूरच्या रस्त्याचं सांगते. सगळं लिहायचं ते याच्यासाठीच.

अहमदपूरच्या अलीकडे एका फाट्यावर रोजगार हमीचं खडी फोडायचं काम होतं. माझी एस.टी. तिथूनच जायची. रस्त्याच्या कडेला बायकांची रांग, प्रत्येकीपुढे दगडांचा ढीग, डोक्यावर पोत्याची खोळ, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. दिवसभर उकिडवं बसायचं आणि हातोडा मारायचा. कंबरदुखी शोधायला याहून पुढं जायची गरज नव्हती. सरांना सांगितलं तर ते खूश झाले. मी मुकादमाची परवानगी काढली आणि दर आठवड्याला तिथं उतरायला लागले.

पुस्तकात दुखण्याची मोजपट्टी होती, शून्य ते दहा. बायकांना आकड्यांपेक्षा दगड जवळचे. मी त्यांच्याच ढिगातले दहा खडे उचलले आणि म्हटलं, कायच दुखत नसलं तर एकही ठेवू नका, सोसवतच नसलं तर दहाच्या दहा माझ्यापुढं ठेवा. बायका हसल्या. सरकार आता दगडाचा खेळ खेळायला लागलं, असं एक म्हातारी म्हणाली.

रांगेत कौसाबाई नावाची एक बाई होती. तिशीतली असेल, अंगानं काटक. नवरा हैदराबादला कामाला गेलेला, सासू शेजारीच दगड फोडत बसलेली. मी तिच्यापुढं खडे ठेवले. मुकादम काठी टेकून उभा होता.

"कायबी दुखंना," ती म्हणाली. एकही खडा हलला नाही.

"झोप?"

"पडलं की लागती."

असं म्हणताना तिचा डावा हात मागं कमरेवर होता आणि अंगठा मणक्यात रुतलेला होता. रांगेतल्या बहुतेक सगळ्यांची उत्तरं अशीच. कागदावर बघाल तर अख्ख्या मराठवाड्यात याहून निरोगी माणसं सापडायची नाहीत.

पुढच्या खेपेला मी कागद पिशवीत ठेवले आणि कौसाबाईशेजारी बसून एक हातोडा मागून घेतला. मला दगड फोडता येत नव्हते, हे सगळ्यांनाच दिसत होतं. पण हात चालू असले की मुकादम बोलत नाही. आणि मला दुसरी गोष्ट तिथं बसल्यावर कळली. इतक्या हातोड्यांच्या आवाजात शेजारणीचं बोलणं फक्त शेजारणीलाच ऐकू येतं. सासू चार हात पलीकडे असली तरी तिला नाही.

कौसाबाईनं बराच वेळ माझी फजिती बघितली. मग दगडावरची नजर न काढता बोलली, "ठिवा बाई तुमचे खडे."

मी ठेवले. तिनं दहाच्या दहा माझ्याकडे लोटले. थांबली. ढिगातून अजून एक घेतला आणि वर ठेवला.

"दहात बसंना," म्हणाली.

मग आवाज चालू होता तोवर ती सांगत होती. दुखतंय म्हटलं तर मुकादम म्हणणार, घरी बस. आणि घरी बसलं तर खायचं काय? "आन् झोप न्हाई म्हनलं तर सासू इच्यारंल, रातची जागी ऱ्हाती म्हंजी कुनाची वाट बघती? मालक हैदराबादला हायेत ना, बाई. सुनंला झोप यायलाच पायजे. म्हनून डोळे झाकून पडायचं. कूस बी बदलायची न्हाई. सासूची झोप लई सावध." पलीकडे हातोडा थांबला तशी ती थांबली. पुन्हा सुरू झाला तसं म्हणाली, "कूस न्हाई बदलली की सकाळच्याला कंबर लाकडावानी व्हती."

जुनं दुखणं झोप खातं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. झोपेचं सोंग दुखणं वाढवतं, हे कुठंच वाचलं नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो. मी तिला शब्द दिला की नाव बदलेन, गाव लिहिणार नाही. त्यानंतर एकेक करून बाकीच्या बायकाही हातोड्याच्या आवाजात बोलायला लागल्या. माझ्या हाताला फोड आले आणि माझं संशोधन पहिल्यांदा खरं झालं.

सरांना उपाय पण हवा होता. त्यांनी शिथिलीकरणाची एक पद्धत बसवली होती: उताणं पडायचं, डोळे मिटायचे, पायापासून डोक्यापर्यंत एकेक अवयव सैल सोडायचा. दुपारच्या सुट्टीत मी बायकांना बाभळीखाली आडवं केलं आणि सूचना द्यायला लागले. पायाची बोटं सैल सोडा, म्हणून पोटऱ्यांपाशी पोचेपर्यंत निम्म्या बायका घोरत होत्या. मुकादम पोट धरून हसला. कौसाबाई उठल्यावर म्हणाली, "बाई, हे औशिद रोज द्या. आमाला निज म्हनून आजवर कुनी सांगितलंय?" सरांनी निष्कर्ष लिहिला की उपाय अत्यंत परिणामकारक आहे. थकलेल्या बाईला दिवसाउजेडी, सगळ्यांदेखत, परवानगीनं आडवं होऊ दिलं की झोप लागते, याला त्यांनी विद्यापीठाच्या भाषेत नाव दिलं होतं.

मग नव्या जिल्ह्याच्या एका समारंभात सरांचं व्याख्यान झालं. सभागृहाला रंगाचा वास येत होता, पहिल्या रांगेत अधिकारी. सर दुष्काळ आणि मन यावर बोलले. टाळ्या पडल्या तसे रंगात आले आणि त्यांनी माझ्या बायकांचं सांगितलं. खडे सांगितले, वरचा अकरावा खडाही सांगितला. नावं घेतली नाहीत. रस्ता सांगितला, फाटा सांगितला. मी मागच्या रांगेत बसून पदर तोंडात धरला होता. कार्यक्रम संपल्यावर त्यांना गाठलं.

"सर, ठिकाण सांगायचं नव्हतं. मी शब्द दिलाय त्यांना."

"अहो, असं काय करता? साहेब हलले आहेत. संशोधनाचा समाजाला उपयोग व्हायला नको?"

साहेब खरंच हलले होते. तरुण अधिकारी, परजिल्ह्यातला, मनानं वाईट नव्हता. हे मी आजही म्हणते, आणि म्हणूनच माझा राग जास्त आहे. आजारी बायकांकडून खडी फोडून घेणं अमानुष आहे, असं त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं. पुन्हा टाळ्या. पुढच्या आठवड्यात फाट्यावर आरोग्य तपासणी झाली. माझ्यामुळं आता दुखणं सांगायची सवय झालेल्या बायकांनी डॉक्टरांनाही सांगितलं. डॉक्टरांनी त्यांना कष्टाच्या कामाला अपात्र ठरवलं. मस्टरवरून त्यांची नावं गेली. त्यांच्याच भल्यासाठी.

मी एस.टी.तून उतरले तर रांग निम्मी झालेली. कौसाबाईच्या जागी नुसता न फोडलेला दगड. तिच्या सासूनं मला बघून हातोडा खाली टाकला.

"आली का गं भवाने? दुखतंय का, दुखतंय का, करून लेकराबाळांच्या तोंडचा घास काढलास. आता इच्यार की, आता कुठं दुखतंय!"

आयुष्यात मी पुष्कळांकडून बोलणी खाल्ली, त्यातली तेवढीच मला लागू पडत होती असं वाटलं, आणि ती खरं तर सरांच्या वाट्याची होती.

कौसाबाई गावात भेटली. ती चिडली नाही. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. "तुमी इच्यारलं, म्या सांगितलं," ती म्हणाली. "सांगितलं नसतं तर दुखनं मपल्यापाशी ऱ्हायलं असतं. आता गावाचं झालं."

मी लातूरला साहेबांकडे गेले. चकरा मारल्या. शेवटी भेटले.

"मॅडम, तुमच्याच संशोधनावरून निर्णय घेतला," ते गोंधळून म्हणाले.

"साहेब, काम काढल्यानं दुखणं गेलं नाही. आधी नुसतं दुखणं होतं, आता दुखणं आणि भूक."

"मग मी काय करू? दुखत असलेल्या बाईला दगड फोडायला लावू?"

"हलकं काम द्या. पाणी पाजायचं, लेकरं सांभाळायचं."

"अशा जागा कामावर मोजक्याच. त्या भरल्यात." मग वाट सापडल्यासारखं म्हणाले, "डॉक्टरांनी पुन्हा तपासून दुखणं नाही असं सांगितलं, तर मी त्याच दिवशी नावं लावतो."

आणि तसंच झालं. फाट्यावर पुन्हा टेबल मांडलं गेलं. मी तिथं होते. डॉक्टर घाईत होते. त्यांनी सोपी परीक्षा काढली: खडीनं भरलेलं टोपलं जमिनीवरून उचलायचं, डोक्यावर घ्यायचं, ढिगापर्यंत न्यायचं. ज्या बाईचा चेहरा वाकडा होईल ती नापास. सगळा गाव बघत होता. बायका एकेक करून पुढं येत होत्या. कौसाबाईची पाळी आली. तिनं पदर खोचला, वाकली, टोपलं उचललं. मला तिच्या पाठीचं सगळं माहीत होतं. कुठून कळ निघते, कुठपर्यंत जाते, सगळं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. एक रेघ हलली नाही. ढिगावर टोपलं रितं करून ती वळली आणि डॉक्टरांकडे बघून चक्क हसली.

"झोप लागते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"पडलं की लागती."

तिचं नाव लागलं. सगळ्यांची लागली. त्या दिवशी मला रडू आवरलं नाही, आणि मला रडताना बघून बायकाच माझी समजूत घालायला लागल्या. कौसाबाईनं माझे जुने दहा खडे माझ्या पिशवीतून काढून घेतले आणि ढिगात टाकले. "हे कामाचे हायेत," म्हणाली.

यानंतरची गंमत संपादकांना आवडेल. संशोधनाच्या नियमानं मला त्याच बायकांची काही महिन्यांनी पुन्हा मुलाखत घ्यायची होती. घेतली. हातोड्याच्या आवाजातही घेतली. एकजात सगळ्यांनी सांगितलं, कायबी दुखंना, झोप मस्त लागती. मी ते आकडे सरांपुढं ठेवले आणि सर खुर्चीतून उठलेच. "अहो, केवढं यश! शिथिलीकरणानं दुखणं पूर्ण गेलं, झोप पूर्ण आली!"

मी त्यांना टोपल्याचं सांगितलं. सगळं सांगितलं.

"ते आपल्या कक्षेबाहेरचं आहे," ते म्हणाले. "तुमचं काम आकडे गोळा करणं."

"आकडे खोटे आहेत, सर."

"बायकांनी स्वतःच्या तोंडानं दिलेली उत्तरं आहेत. त्यांना खोटं म्हणणाऱ्या तुम्ही कोण?"

याला उत्तर नव्हतं असं नाही. ते मी प्रबंधातच लिहिलं. एक अख्खं प्रकरण: बायकांनी आधी का लपवलं, मग का सांगितलं, मग पुन्हा का लपवलं, आणि माणूस कोणापुढं उभा आहे हे कळल्याशिवाय त्याच्या दुखण्याचा आकडा कवडीमोल का आहे. सरांनी ते वाचलं आणि माझ्याकडे परत सरकवलं. "हे मानसशास्त्र नाही, रडगाणं आहे. हे काढा, मी उद्या सही करतो."

मी काढलं नाही. त्यांनी सही केली नाही. मार्गदर्शकाच्या सहीशिवाय प्रबंध पुढं सरकत नाही. मार्गदर्शक बदलायचा प्रयत्न केला, पण एकानं सोडलेल्या विद्यार्थिनीचं ओझं दुसरा कशाला उचलतो? पुढं सरांनी शिथिलीकरणावर स्वतःच्या नावानं निबंध वाचला. त्यांचा सत्कार झाला. मलाही निमंत्रण होतं. माझ्या मागून आलेले प्राध्यापक पीएच.डी. होऊन माझ्या वर बसले आणि मी त्यांना 'डॉक्टरसाहेब' म्हणत निवृत्त झाले. अण्णा गेले तोपर्यंत दुकानात सांगत होते, "होईल, होईल, पोरगीचं चालू हाय." त्यांना खरं सांगायचा धीर मला झाला नाही. लोक म्हणतात, सोडून द्या मॅडम, किती वर्षं झाली. नाही सुटत. ज्यांना सुटतं त्यांनी खुशाल सोडावं.

कौसाबाई त्यानंतर एकदाच भेटली, अहमदपूरच्या स्टँडवर. कमरेत पार वाकलेली. सासू गेली होती, नवरा हैदराबादलाच राहिला होता. मी म्हटलं, "कसं आहे दुखणं?" तिनं दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवली. मग एक बोट मिटून पुन्हा उघडलं. आम्ही दोघी हसलो. "आन् झोप न्हाई लागत, बाई," ती मोठ्यानं म्हणाली, स्टँडवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "आता कोन इच्यारतंय, कुनाची वाट बघती म्हनून!"

मागच्या महिन्यात नांदेडला माझ्या घरी एक मुलगी आली. पीएच.डी. करते आहे, विषय म्हातारपणातली दुखणी आणि झोप. कुणीतरी तिला माझं नाव सांगितलं होतं, पण माझी हकीकत सांगितली नव्हती. तिच्या हातात टॅब होता आणि त्यावर चेहऱ्यांची ओळ, एका टोकाला हसरा, दुसऱ्या टोकाला रडका. "मॅडम, तुमच्या दुखण्याला जुळेल त्या चेहऱ्यावर बोट ठेवा," ती म्हणाली.

माझा मणका गेली काही वर्षं मला झोपू देत नाही. हे या घराच्या भिंतींखेरीज कोणाला ठाऊक नाही. माझा मुलगा पुण्याहून आला होता. त्याचं एकच चाललंय: आई, घर विकू, तू आमच्याकडे चल, एकटीनं राहणं आता जमायचं नाही, तुझ्याच भल्यासाठी सांगतोय. मुलगा गुणी आहे, सूनही चांगली आहे. पण हे घर माझं आहे, इथली कडी मी लावते आणि मी उघडते, आणि दुखतंय असं एकदा माझ्या तोंडून निघालं की माझं नाव इथून गेलं. तो स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभा होता.

मी हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"आणि झोप?"

"पडलं की लागते."

"वा! या वयात!" ती कौतुकानं म्हणाली, आणि गडबडीत तिचं पेन खाली पडलं. मुलगा बघत होता. मी वाकले, पेन उचललं, तिच्या हातात दिलं आणि हसले.

तिला पोचवायला मी फाटकापर्यंत गेले. मुलगा आत कप विसळत होता. शेजारच्या प्लॉटमध्ये बोअर पाडायचं मशीन चालू होतं. पाणी आटलं होतं, तीन दिवस तो धडधडाट चालला होता, बाहेर माणसाला माणसाचं ऐकू येत नव्हतं. पोरगी गाडीला किल्ली लावत होती. मी तिचं मनगट धरलं, तिला जवळ ओढलं आणि कानाशी तोंड नेलं.

"आता विचार," मी म्हटलं.